वीस इंची चाकं, चव्वेचाळीसचा मी

वीकएण्डला लोक अलिबागला आराम करायला जातात. मी पडायला जातो! गेली तीसेक वर्षं एका बुटक्या सायकलवरून पडतोय आणि दुसऱ्यांनाही पडायला शिकवतोय. पण तीन वर्षांपूर्वी एक पडणं असं झालं, की मला स्वतःलाच खाली उतरावं लागलं...

‘काका, मुलासाठी घेतली का सायकल?’

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रोवर हा प्रश्न मला दर शुक्रवारी कुणीतरी विचारतंच. विचारणाऱ्याची काही चूक नाही. चव्वेचाळीस वर्षांचा, पोट जरा सुटलेला, पाठीवर लॅपटॉपची बॅग अडकवलेला एक माणूस. आणि त्याच्या हातात मडगार्ड नाही, स्टँड नाही, कॅरिअर नाही, गिअर नाहीत अशी वीस इंची चाकांची सायकल. सीट इतकी खाली, की बसून चालवली तर गुडघे कानाला लागतील. वर चाकांच्या दोन्ही बाजूंना चार नळकांडी बाहेर आलेली. बघणाऱ्याला वाटतं, एकतर मुलाची तरी असेल, नाहीतर भंगारात चाललीय.

‘माझीच आहे,’ मी सांगतो. मग पुढचा प्रश्न ठरलेला. ‘एवढीशी?’

तर मंडळी, या एवढ्याशा सायकलला बीएमएक्स म्हणतात. मी ती चालवतो, म्हणजे खरंतर नाचवतो. सोमवार ते शुक्रवार मी एका कंपनीत अकाउंट्स बघतो. इनव्हॉइस, जीएसटी, क्वार्टर एण्ड, सगळं तुमच्यासारखंच. फरक एवढाच, की सोमवारच्या मीटिंगला माझ्या फुल शर्टाच्या बाहीखाली बहुतेक वेळा एक ताजं खरचटलेलं कोपर असतं. नव्या बॉसला वर्षभर वाटत होतं, की मला घरी मारहाण होते!

सात दिवसांचा सायकलवाला

हे खूळ डोक्यात कुठून शिरलं? टीव्हीवरून नाही, इंटरनेटवरून तर नाहीच. ते आमच्या गावात चुन्याच्या फक्कीने आखलेल्या एका गोलातून आलं.

आमचं गाव चौलजवळ. पुढे नारळ-पोफळीच्या वाड्या, मागे डोंगर, कान दिला तर समुद्राची गाज. साल १९८९. मी आठ वर्षांचा. मे महिन्याच्या सुट्टीत शाळेच्या मैदानात एक माणूस आला. काळी, चोवीस इंची, घोड्यासारखी उंच सायकल. त्याने मैदानात मोठा गोल आखला, मधे बांबू रोवला, त्याला ट्यूबलाइट आणि कर्णा बांधला आणि सायकलवर बसला. ‘सात दिवस, सात रात्री खाली उतरणार नाही,’ असं कर्ण्यावरून सांगून टाकलं.

पस्तिशी-चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना असा सायकलवाला नक्की आठवेल. महाराष्ट्रातल्या गावोगावी हे लोक यायचे. तो सायकलवरच जेवायचा, सायकलवरच दाढी करायचा, अंगावर बादलीभर पाणी ओतून घेऊन सायकलवरच आंघोळ करायचा. संध्याकाळी गर्दी जमली, की खरा खेळ सुरू. हँडल सोडून सीटवर उभं राहायचं, उलटं बसून चालवायची, धावत्या सायकलवरून वाकून जमिनीवरची नोट दातांनी उचलायची. गावातली दोन पोरं खांद्यावर, एक हँडलवर. लोक शर्टाला नोटा टाचायचे आणि कर्ण्यावर देणाऱ्याचं नाव पुकारलं जायचं. सर्कशीतही सायकलचं हे काम असतंच. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये मुंबईत पहिली भारतीय सर्कस उभी केली, म्हणजे हा तोल सांभाळण्याचा वारसा आपल्या मराठी मातीत तसा जुनाच! पण सर्कशीला तंबू असतो, बँड असतो. या माणसाकडे एक सायकल आणि एक कर्णा.

पाचव्या दिवशी भर दुपारी मैदानात चिटपाखरू नव्हतं. तो झोपाळलेल्या डोळ्यांनी हळूहळू गोल फिरत होता. मी चिंचेखाली बसून बघत होतो. धीर करून विचारलं, ‘आता कुणीच नाहीये. थोडा वेळ खाली का नाही उतरत?’

तो हसला. म्हणाला, ‘तू आहेस ना. मी उतरलो तर तूपण घरी जाशील.’

हे वाक्य मी पुढची तेहतीस वर्षं डोक्यात घेऊन फिरलो. त्याचा एक अर्थ मला लगेच कळला होता. दुसरा कळायला फार वेळ लागला.

दुबईचा खोका

१९९३ मध्ये मावशीचे मिस्टर दुबईहून आले. त्यांच्या सामानात टू-इन-वन, परफ्युम आणि बदाम यांच्याबरोबर एक भलाथोरला खोका होता. आतून निघाली चकचकीत क्रोमची बीएमएक्स! मावसभावासाठी आणली होती, पण त्याला क्रिकेटचं वेड. महिनाभरात ती माझ्याकडे आली.

त्या काळात हिरो रेंजर किंवा बीएसए एसएलआर असणं म्हणजे गावात केवढी इज्जत. माझ्याकडे तर फॉरेनची सायकल. पण खरं सांगू? आम्हाला तिचं काय करायचं हेच माहीत नव्हतं. चाकांच्या बाजूची ती चार नळकांडी, ज्यांना पेग म्हणतात, ती मित्रांना उभं राहून डबलसीट नेण्यासाठी आहेत अशी आमची पक्की समजूत! दोन वर्षं आम्ही त्या सायकलवरून चौघांची वाहतूक केली.

मग गावात केबल आली. एका रात्री स्पोर्ट्स चॅनलवर एक गोरा पोरगा दिसला. माझ्यासारखीच सायकल. तो पुढच्या चाकाच्या पेगवर एका पायाने उभा होता, मागचं चाक हवेत आणि सगळी सायकल त्याच्याभोवती भोवऱ्यासारखी फिरत होती. मी उठून टीव्हीला जवळजवळ चिकटलो. अरेच्चा, पेग यासाठी असतात होय!

पुढे जसजशी माहिती मिळत गेली तसतसं कळलं, की ही सगळी भानगड पोरासोरांनीच सुरू केली होती. बीएमएक्स म्हणजे बायसिकल मोटोक्रॉस. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या मुलांना मोटरसायकलच्या मातीतल्या शर्यती लावायच्या होत्या, पण मोटरसायकल कोण देणार? मग लहान चाकांच्या सायकलींवरच शर्यती सुरू झाल्या. त्यात बॉब हॅरो नावाचा एक मुलगा होता. चित्रं काढायचा आणि शर्यतीच्या सायकलींसाठी नंबर प्लेट बनवून विकायचा. त्याला आणि त्याच्या मित्रांना शर्यतीपेक्षा सायकलवर कसरती करण्यात जास्त मजा वाटायला लागली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तो गावोगाव फिरून प्रात्यक्षिकं दाखवू लागला. फ्रीस्टाइलचा जनक म्हणून आज त्याचंच नाव घेतात. १९८२ च्या ‘ई. टी.’ सिनेमात मुलं सायकली हाणत पोलिसांना चुकवतात ना, त्यात स्टंट करणाऱ्यांमध्ये हॅरोसुद्धा होता. म्हणजे बघा, आमचा सात दिवसांचा सायकलवाला गोल गोल फिरत होता, त्याच दशकात अमेरिकेत हेही लोक गर्दी जमवत हिंडत होते. कर्णा तेवढा वेगळा!

मी पहिल्यांदा शिकलो ती बनी हॉप. बघायला सोपी. सायकल घेऊन जागच्या जागी उडी मारायची. पण नुसतं हँडल ओढून ती होत नाही. आधी वजन मागे टाकून पुढचं चाक उचलायचं, मग हँडल पुढे ढकलत पायांनी मागचं चाक वर खेचून घ्यायचं. दोन्ही गोष्टी एका दमात. मला चार महिने लागले. आमच्या खळ्यात, ओट्यावर, देवळासमोर, जिथे सपाट जागा मिळेल तिथे मी पडलोय. आईचं एकच म्हणणं होतं, ‘अरे, सायकल चालवायची असते. नाचवायची नसते.’

बाबा एसटीत कंडक्टर. ते काहीच बोलायचे नाहीत. पण १९९६ मध्ये उडी चुकून फ्रेमला तडा गेला, तेव्हा दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीच्या टपावर टाकून ती सायकल अलिबागला वेल्डरकडे कोणी नेली, हे मला संध्याकाळी कळलं. वेल्डिंगचा तो जाडजूड सांधा अजून आहे. ती सायकल आता चालवत नाही, पण विकणारही नाही.

शाल, श्रीफळ आणि वडापाव

२००३ मध्ये नोकरीसाठी मुंबईला आलो आणि माझा ‘प्रचार’ सुरू झाला. कॉलेज फेस्टिव्हल, गणपती मंडळं, दुकानांची उद्‌घाटनं, जिथे बोलावतील तिथे जायचं. मानधन म्हणजे शाल, श्रीफळ आणि परत जाताना वडापाव. एका मॉलच्या कार्यक्रमाचे पैसे आजही यायचे आहेत. एकदा दादरला स्टेजवर मी नेमका पहिल्याच ट्रिकला आपटलो. मागून आवाज आला, ‘अबे, अलिबाग से आया है क्या?’ मी माइक घेऊन म्हटलं, ‘हो!’ त्या दिवशी सगळ्यात मोठी टाळी त्या उत्तराला मिळाली. (या वाक्यावर बंदी घाला अशी याचिका २०१९ मध्ये हायकोर्टात गेली होती. कोर्टाने ती फेटाळली. बरंच झालं, नाहीतर माझी हुकमी टाळी गेली असती!)

तेव्हा इथे पार्ट्स मिळायचे नाहीत. पेग तुटले, की मी लेथवाल्याकडे जाऊन स्टीलच्या पाइपमधून कापून आणायचो. मागचा अ‍ॅक्सल १४ मिलिमीटर, त्या मापाचं भोक पाडून द्यायला तो वीस रुपये घ्यायचा आणि हे कशाला लागतं, हे दर वेळी नव्याने विचारायचा. हँडल गोल फिरवलं तरी ब्रेकची वायर गुंडाळली जाऊ नये म्हणून एक चकती असते, रोटर नावाची. ती मात्र लेथवर जमली नाही. मग मी दोन वर्षं ब्रेकशिवाय चालवली. चपलेने थांबायचं. हे तुम्ही अजिबात करू नका!

२०१२ मध्ये आम्ही रॅम्प बांधला. स्केटपार्क वगैरे आमच्या भागात कुठून असणार? पण होड्या बांधणारे सुतार होते. त्यांच्यातल्या एकाला मी कागदावर वळण काढून दाखवलं. खालून सपाट, मग हळूहळू उभं होत जाणारं. त्याने कागद फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाला, ‘म्हणजे होडीची कूस. आतून वापरायची, एवढंच ना?’ आठ दिवसांत त्याने साडेचार फुटांचा असा काही रॅम्प उभा केला, की मी आजवर इतकं सुंदर वळण कुठे पाहिलं नाही. होडीला पाणी जसं लागून जातं तसं चाक लागून जायचं.

२०१४ पासून दर रविवारी मुलं जमायला लागली. आधी तीन, मग नऊ, सुट्टीत वीस-पंचवीस. कोळीवाड्यातली, आगऱ्यांची, वाडीवाल्यांची. बहुतेकांकडे साध्या सायकली. मडगार्ड काढून टाकायचे, की झाली बीएमएक्स. रॅम्पवर नंबर लागेपर्यंत बाकीची किनाऱ्यावर. आमची वाळू ओहोटीला चांगली घट्ट होते. पण वेळ साधावी लागते, आणि त्यासाठी आमच्याकडे अ‍ॅप लागत नाही. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती. त्यात सहा तास मिळवा किंवा वजा करा, म्हणजे सकाळी पावणेदहाच्या आसपास ओहोटी. कुलाबा किल्ल्यात चालत जाणारेही हाच हिशेब करतात. आम्ही त्याच हिशेबाने एण्डो आणि मॅन्युअलची प्रॅक्टिस करायचो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन-दिवेआगरपासून अलिबागपर्यंत पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडून पडल्या. रॅम्प सापडला शेजारच्या वाडीत, दोन माडांमध्ये अडकलेला. त्याचा प्लाय सोलून काढला आणि पुढचे चार महिने तो शेजारच्या काकूंच्या घराचं छप्पर होता. रॅम्पचा इतका चांगला उपयोग मी कधीच केला नव्हता.

‘तुमची हौस, माझी पोर’

१ ऑगस्ट २०२१. तुमच्यापैकी बहुतेकांना त्या टोकियो ऑलिम्पिकमधलं नीरज चोप्राचं सुवर्ण आठवत असेल. ते सहा दिवसांनी आलं. मला हा दिवस जास्त आठवतो. बीएमएक्सच्या शर्यती २००८ पासून ऑलिम्पिकमध्ये होत्या, फ्रीस्टाइल पहिल्यांदाच आली होती. नियम साधा. पार्कमध्ये साठ सेकंद, दोन संधी, शंभरपैकी मार्क, चांगला असेल तो धरायचा. ब्रिटनची शार्लट वर्दिंग्टन ही पूर्वी एका मेक्सिकन रेस्टॉरंटमध्ये शेफ होती. तिने पहिल्या संधीत ३६० बॅकफ्लिप मारायला घेतली, म्हणजे उलटी कोलांटी आणि तिच्यातच एक पूर्ण गिरकी. आपटली. दुसऱ्या संधीत माणूस काय करेल? सोपं काहीतरी करून पदक पदरात पाडून घेईल. तिने पुन्हा तेच केलं. उतरली. ९७.५० मार्क आणि सुवर्ण.

मी तो व्हिडिओ रविवारी मुलांना दाखवला. त्यातली एक आठवीतली मुलगी तो मागून घेऊन पाच वेळा बघत राहिली. आमच्याकडची सगळ्यात हुशार रायडर. कुणी काही शिकवायच्या आधी बघूनच शिकायची. ‘पडली आणि परत तेच केलं,’ ती सारखी म्हणत होती. मला काय आनंद झाला होता! अखेर कुणालातरी हे समजलं.

डिसेंबर २०२२. आम्ही नवा रॅम्प बांधला होता. मुलं चौदा, हेल्मेट पाच. आलटून पालटून वापरायचो. तिचा नंबर आला तेव्हा पाचही दुसऱ्यांच्या डोक्यावर होती. ती म्हणाली, ‘काका, एकदाच.’ मी हो म्हटलं.

रॅम्पच्या कडेला मागचं चाक अडकलं आणि ती डोक्यावर पडली. रक्त नव्हतं. पण उठली आणि मला विचारलं, ‘आज कोणता वार?’ मी सांगितलं. दोन मिनिटांनी परत तेच. रिक्षात तिने तो प्रश्न मला सात वेळा विचारला. मी मोजले.

मेंदूला हादरा, डॉक्टर म्हणाले. सुदैवाने आत काही नव्हतं. दोन आठवडे पूर्ण आराम, मोबाइल नाही, अभ्यास नाही. तिची आई बंदरावर मासळी विकते. ती तशीच हातातलं काम टाकून आली होती. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बघत राहिली आणि म्हणाली, ‘दादा, तुमची हौस. पन पोर माझी.’

मी उत्तर दिलं नाही. नव्हतंच.

उतरणं

त्या रात्री मी सायकल माळ्यावर टाकली. रविवार बंद. शुक्रवारी रो-रोने गावाला जायचो, पण रिकाम्या हाताने. कुणीच काही विचारायचं नाही, आणि तेही सहन व्हायचं नाही.

मला डेव्ह मिरा सारखा आठवायचा. नव्वदच्या दशकातला बीएमएक्सचा सगळ्यात मोठा स्टार, एक्स गेम्समध्ये पदकांचा ढीग लावणारा. २०१६ मध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. नंतर तपासणीत कळलं, की त्याला सीटीई होता. डोक्याला वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा बसणाऱ्या धक्क्यांमुळे होणारा मेंदूचा आजार. हे मी तेव्हाच वाचलं होतं. वाचून हळहळलो होतो. आणि तरीही चौदा मुलांमागे पाच हेल्मेट ठेवली होती. कारण प्रत्येक पोराला ‘थांब’ म्हटलं असतं, तर अर्धी कंटाळून घरी गेली असती.

हे मनाशी बोललो आणि चिंचेखालची ती दुपार आठवली. मी उतरलो तर तूपण घरी जाशील. आठ वर्षांच्या मला वाटलं होतं, केवढा जिद्दी माणूस! आता चाळिशी ओलांडल्यावर कळलं, तो घाबरलेलाही होता. गर्दी पांगेल या भीतीने सात दिवस फिरत होता. त्याचं पोट त्यावर होतं, त्याला इलाज नव्हता. माझं पोट तर अकाउंट्सवर भरत होतं! मी कशासाठी घाबरत होतो?

बायकोला हे सांगितलं. ती बँकेत आहे, मोजकं बोलते. म्हणाली, ‘तुला चढायला येतं, फिरवायला येतं, पडायलासुद्धा येतं. उतरायला कधी शिकलास?’

आठ महिन्यांनी मी माझी चांगली सायकल विकली. परदेशातून मागवलेली, क्रोमोलीच्या फ्रेमची, जिच्यावर दोन बोनस गेले होते. त्या पैशात वेगवेगळ्या मापांची सोळा हेल्मेट आली, गुडघ्या-कोपरांचे पॅड आले आणि रॅम्पच्या कडेला रबर बसलं. मुलांच्या घरोघरी जाऊन सांगून आलो, की रविवार पुन्हा सुरू, पण नियम बदललेत. हेल्मेट नाही तर रॅम्प नाही. डोक्याला मार लागला, तर ‘मी ठीक आहे’ असं पोर म्हणालं तरी त्या दिवशी सायकल बंद, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पुन्हा सुरू नाही. जोराने आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बाद. आणि घरच्यांपैकी कुणीतरी एकदा येऊन बघून जायचं, मगच सही.

पहिल्या रविवारी सहा जण आले. आठ निघून गेले होते. म्हणजे मी जे घाबरत होतो तेच झालं! आणि तसं काही बिघडलंही नाही.

तिच्या घरीही गेलो होतो. तिची आई दारातच म्हणाली, ‘ती चालवनार नाय.’ मी म्हटलं, ‘बरोबर आहे.’ पाणी प्यायलो आणि निघालो. महिनाभराने एका रविवारी ती मुलगी आली. सायकलशिवाय. आईने एवढीच परवानगी दिली होती, की लांब उभं राहायचं. लांब उभी राहिली ती दहा मिनिटं. मग सरळ रॅम्पपाशी येऊन एका पोराचा हनुवटीखालचा पट्टा ओढून बघितला. ‘दोन बोटं जायला पाहिजेत, चार नाही. परत लाव.’ तेव्हापासून ते खातं तिचंच. ती आता कॉलेजला आहे. तिच्याइतकी कडक शिस्त मला या जन्मी जमली नसती.

तुम्हाला करावंसं वाटतंय?

हे वाचून एखाद्याला खाज सुटली असेलच, म्हणून थोडं कामाचं. वय आड येत नाही, घाई येते. पहिले तीन महिने फक्त सपाट जागेवर फ्लॅटलँड करा. मॅन्युअल, म्हणजे पेडल न मारता मागच्या चाकावर तोल, आणि एण्डो, म्हणजे पुढचा ब्रेक दाबून मागचं चाक उचलणं. दोन्ही मोकळ्या पार्किंगमध्ये जमतं, वॉचमनशी मैत्री असली की झालं. पहिली सायकल महागडी घेऊ नका. पण पहिलं हेल्मेट मात्र चांगलं घ्या. समुद्राजवळ चालवत असाल, तर घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, पुसून कोरडी करा आणि चेनला तेल द्या. खोबरेल नव्हे! त्याला वाळू चिकटते. खारी हवा बेअरिंग कशी खाते, ते आमच्या कोणत्याही बंदरावर जाऊन गंजलेल्या साखळ्या बघा, लगेच समजेल.

आणि पडायला शिका. हात ताठ टेकायचे नाहीत, अंग सैल सोडून खांद्यावर लोळण घ्यायची. ऑफिसमध्येही उपयोगी पडतं!

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये फ्रीस्टाइलचं महिलांचं सुवर्ण चीनच्या देंग यावेनने नेलं. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. आमच्याकडून कुणी तिथे जाईल का, असं मला लोक विचारतात. मला ठाऊक नाही. आमच्याकडे एक रॅम्प आहे, सोळा हेल्मेट आहेत आणि महिन्यातून दोन-तीनदा सोयीची ओहोटी आहे.

गेल्या रविवारी पंचमी होती. दहा वाजता पाणी लांब गेलेलं. मी जुन्याच सायकलवर मुलांना बनी हॉप दाखवत होतो. बांधावर एक बाई रिकामी टोपली शेजारी ठेवून बसली होती. ओळखलं, पण हात केला नाही. तिनेही केला नाही. अर्धा तास बसली, मग टोपली उचलून निघून गेली. त्याआधीच्या रविवारीही आली होती म्हणे. मुलगी म्हणाली, ‘बघायला येते. काही बोलत नाही.’

मी पुन्हा सायकलवर चढलो. पेडल मारणार, इतक्यात मागून आवाज आला.

‘काका, बक्कल!’

उतरलो. लावलं. मग चढलो.